तुलनेचं जंगल

७ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काहीतरी लिहीत जा. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, मनात येईल ते. माझ्या मनात काय काय येतं ते वाचलं तर बाईंनाच गोळ्या सुरू कराव्या लागतील. पण हो म्हणून बसलेय, तर लिहिते.

नवऱ्याला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं होतील. सकाळचा चहा अजून दोघांचाच होतो. हाताला कोण समजावणार? दुसरा कप मग मीच पिते, गार झाला की.

एक गोष्ट बाईंना सांगितलेली नाही. तो असता तर आज काय करत असता, हे मी रोज ठरवते. आज तो असता तर स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला बसला असता आणि शेवटी प्लंबर बोलवायची वेळ आणली असती. मी काहीतरी खोचक बोलले असते. त्यावर त्याने त्याची ती दोन सुरांची शीळ घातली असती, एक वरचा, एक खालचा, आणि बाहेर सटकला असता. परत येताना जिन्यातही तीच शीळ. त्याला कधी किल्ली शोधावी लागली नाही. शीळ ऐकली की मी दार उघडायचे.

हे ठरवत बसलं की बरं वाटतं. काय करणार, माझा धंदाच तो आहे.

१२ जानेवारी

धंदा काय ते एकदा लिहून टाकते. माझ्या आईला तो शेवटपर्यंत कळला नाही. ती सगळ्यांना सांगायची, पोरगी झाडांचा विमा उतरवते.

एका खोऱ्यातलं जंगल लाकडाच्या ठेकेदाराच्या घशात जाणार होतं. आमची कंपनी मध्ये पडली. तिथल्या लोकांना म्हटलं, तोडू नका, आम्ही दरवर्षी पैसे देतो. झाडं उभी राहिली, त्यांच्यातला कार्बन हवेत गेला नाही. हे न झालेलं नुकसान आम्ही लांबच्या कारखान्यांना विकतो, म्हणजे ते कारखाने आपल्या धुराच्या हिशोबापुढे ही बचत मांडून निर्धास्त होतात. आता, जे झालंच नाही ते विकायचं तर ते किती झालं असतं हे कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगते. त्यासाठी तसाच दुसरा एक डोंगर शोधायचा, जिथे कुणी कुणाला पैसे देत नाही. तो दरवर्षी किती बोडका होतो ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं आणि म्हणायचं, आम्ही नसतो तर आमचाही एवढाच झाला असता. या डोंगराला आम्ही म्हणतो तुलनेचं जंगल. ते जितकं मरेल तितकं आमचं जिवंत जंगल महाग. आणि तिथल्या माणसांना हे सांगायचं नसतं. सांगितलं की माणसं वेगळी वागायला लागतात, मग तुलना कसली उरणार.

गेल्या वर्षीच्या तुलनेच्या डोंगराला मोठा वणवा लागला, तो बाद झाला. आज कॉम्प्युटरनं नवा निवडला. उतार बघितला, रस्त्यापासूनचं अंतर बघितलं, घरं मोजली, आणि पडद्यावर आलं माझं सासर.

आमचा नकाशावाला म्हणाला, "मॅडम, घ्या आता सासरचा सूड."

"कसला सूड! ती माणसं वाळकी फांदीसुद्धा एकमेकांना विचारून उचलतात. तिथे झाडं तुटायची वाट बघत बसलास तर म्हातारा होशील."

साहेबांना सांगून टाकलं, की ही माझ्या घरची माणसं आहेत. ते म्हणाले, "उत्तमच की. माहितीतला भाग. फक्त तोंड बंद ठेवा." तोंड बंद आणि मी! हे त्याला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

३ फेब्रुवारी

दोन दिवस सासरी होते. घरामागे गोठा. गोठ्याच्या मागच्या भिंतीलाच जंगल टेकलेलं. आत चालत गेलं की झरा, आणि अगदी वर, खिंडीत, पोकळ खोडाचं जुनं झाड. लहानपणी भावाशी भांडण झालं की तो त्या खोडात जाऊन बसायचा. त्याची राख सासूबाईंनी तिथेच मुळाशी पुरायला लावली.

"खिंडीत गेलं की त्याची शीळ ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तिथेच बरं का. खाली येत नाही."

मी पडले शिकलेली. म्हटलं, "आई, खोड पोकळ आहे, वारा शिरतो आत."

"शिरू दे की. पण वाऱ्याला तीच शीळ शिकवली कुणी?"

मग एकटीच वर जाऊन आले. वारा पडला होता. काही ऐकू आलं नाही, पण पायही निघेना.

जेवताना भाऊजींनी विषय काढला. माझा हा धाकटा दीर म्हणजे सरळमार्गी माणूस. भावाला छातीत कळ आली ती याच घरात. मी शहरात होते. गाडी मिळवून भाऊजी त्याला घेऊन दवाखान्याकडे निघाले, पण अर्ध्या वाटेतच, त्यांच्या मांडीवर, संपलं. तेव्हापासून ते कुठल्याही विषयावरून दवाखान्यावर येतात.

"पलीकडच्या खोऱ्यात दवाखाना झाला, तुमच्या कंपनीच्या पैशांतून," ते म्हणाले. "आमचं जंगल त्यांच्यापेक्षा दाट आहे, वहिनी. सगळ्या वस्तीचं सामाईक आहे. आजवर कुणी हात लावला नाही. मग आम्हाला का नाही? चोराला बक्षीस आणि संन्याशाला फाशी, असं का?"

मी नियमाचं काहीतरी पुटपुटायला हवं होतं. पण माझी जीभ! म्हटलं, "तिथेच तर तुमचं चुकलं, भाऊजी. सज्जन राहिलात. जे जंगल कुणी तोडतच नाही ते वाचवायला पैसे कोण देईल? जरा कुऱ्हाडी परजा, मग बघा कसे धावत येतात सगळे."

कुणी हसलं नाही. जाऊ आणि शेजारची दोन माणसं होती, तीही माझ्याकडे बघत राहिली. मी अशी काही बोलले की तो घास गिळून म्हणायचा, "ती गंमत करतेय रे." मग सगळे हसायचे. आज माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. भाऊजी मात्र जरा वेळानं हसले. बरं वाटलं.

१८ मार्च

दोन वर्षं झाली. तो असता तर आज रजा काढली असती, कारण कालची गोष्ट आज आठवून आज सगळं उद्यावर टाकणारा माणूस तो. वाक्य चुकलंय. राहू दे.

भाऊजींचा फोन आला होता. आज मीच रडेन असं त्यांना वाटलं असणार, म्हणून इकडचं तिकडचं बोलत राहिले. विचारत होते, तुमच्या त्या उपग्रहाला वरून दिसतं तरी किती? मी म्हटलं, आमचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, फक्त उंट जरा जास्तच उंच. एक-दोन झाडं गेली तर काही कळत नाही. अर्ध्या एकराचा सलग तुकडा गेला तर दिसतो.

"सलग," ते म्हणाले.

जिज्ञासू माणूस आहे. शिकला असता तर पुढे गेला असता.

२५ एप्रिल

सासूबाई फोनवर खुशीत. म्हणे, शीळ आता झऱ्यापाशीही ऐकू येते. "खाली उतरलाय," म्हणाल्या. मी हो ला हो केलं. वय झालंय. या वयात एवढं सुख मिळत असेल तर आपण का हिरावून घ्यावं.

२० मे

आज चित्र आलं. डोंगराच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या खाली, एक फिकट ठिपका. गेल्या वेळी तिथे गडद हिरवं होतं.

ऑफिसात आनंदीआनंद. साहेबांनी केक आणवला. डोंगर यंदा जसाच्या तसा राहिला असता तर आमच्याकडे विकायला काही नव्हतं आणि पलीकडच्या खोऱ्याला द्यायला पैसे नव्हते. केकवर पांढऱ्या साखरेचं झाड काढलेलं. नकाशावाला म्हणाला, सुरी मॅडमच्या हातात द्या. मी कापला.

झाडं का गेली याचं कारण लिहावं लागतं. लाकडाचा भाव चढलाय, तेच लिहिलं. तरी चैन पडेना म्हणून भाऊजींना फोन केला. कुणी ठेकेदार फिरकतोय का?

"छे, छे. ठेकेदार कसला."

"मग वरच्या बाजूला झाडं कशी गेली?"

त्यांनी उलट विचारलं, "दिसलं का? नीट दिसलं?"

"स्पष्ट."

"मग चांगलं झालं."

बिचारा माझ्या नोकरीची काळजी करतो. या घरात सगळे असेच.

९ जुलै

आज मीही ऐकली.

फोन केला तेव्हा सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, थांब, फोन धरते. आधी नुसती खरखर, मग वासराचं हंबरणं, मग ती. एक वरचा सूर, एक खालचा. लांबून, पण अगदी तशीच.

मी, जिला दर वाक्याला कोटी सुचते, ती फरशीवर बसून राहिले आणि हमसून हमसून रडले. सासूबाई पलीकडून म्हणत होत्या, "येतोय ग, पोरी. हळूहळू येतोय. घाबरट आहे तो, एकदम नाही यायचा."

खोड पोकळ आहे, वारा शिरतो. मला ठाऊक आहे. पण फेब्रुवारीत तर गोठ्यापर्यंत आवाज येत नव्हता.

१४ जुलै

रोज संध्याकाळी फोन करते. ज्या दिवशी वारा नसतो त्या दिवशी माझं कामात लक्ष लागत नाही. "तो असता तर" ठरवणं सुटलंय. आता वाटतं, कशाला ठरवायचं, तो निघालाच आहे.

३० ऑगस्ट

वाचवलेल्या खोऱ्यात पाहणीला गेले होते. लोकांनी दवाखाना दाखवला. पांढऱ्या भिंती, एक खाट, एक नर्स, खिडकीत औषधांचं कपाट. बास, एवढंच लागलं असतं. त्या खाटेवर मी हात ठेवून उभी राहिले तर नर्स म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

मग जंगलात फिरवलं. माझ्या हिशोबात या जंगलातल्या एकेका तुकड्याला मरणाचं वर्ष दिलेलं आहे. आम्ही नसतो तर हा उतार गेल्या वर्षी गेला असता, तो पुढच्या वर्षी, ओढ्याकाठचा तिसऱ्या. पाखरं ओरडत होती, पानांतून ऊन सांडत होतं, आणि मला मात्र सगळीकडे खुंटच दिसत होते. मेलेल्यांच्या गर्दीतून चालावं आणि आपण गेलो हे त्यांना अजून माहीतच नसावं, असं काहीसं झालं. सोबतचा माणूस म्हणाला, "बाई, पाय का उचलून टाकताय? इथे कुठे खुंट नाहीत." मी ओशाळले.

परत आले तर नवं चित्र तयार. सासरच्या डोंगरावरचा फिकट डाग उतरत उतरत झऱ्याच्या खाली आलेला. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचा डोंगर म्हणजे दुधात साखर. पगार वाढवायचं बोलले. मी थँक यू म्हटलं.

५ ऑक्टोबर

भाऊजींचा फोन. आवाज ओढलेला. "वहिनी, रागावू नका, पण आठ महिने झाले. तुमची माणसं कधी येणार?"

"कुठली माणसं?"

"पाहणीला. दवाखान्याचं बोलायला."

काहीतरी चुकलंय हे कळत होतं, पण काय ते डोक्यापर्यंत पोचेना, की मीच पोचू देत नव्हते कुणास ठाऊक. म्हटलं, मी शनिवारी येते.

१० ऑक्टोबर

वळणावर ड्रायव्हरला म्हटलं, रस्ता चुकलास. कारण वळणावरून आमचं घर कधीच दिसत नाही, मध्ये जंगल असतं. आज अख्खं घर दिसलं. त्यामागे गोठा दिसला. त्यामागे उघडी लाल माती, आणि मातीत खुंटच खुंट, पार वरपर्यंत. खिंडीत आभाळाला टेकून एकच झाड.

भाऊजी अंगणात वाट बघत होते. नवा शर्ट घातला होता.

"सलग तोडलंय," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं तसं. वरून सुरुवात केली, तुकडा तुकडा करत खाली आलो. वस्तीतल्या काहींचा विरोध होता. म्हातारी माणसं रडली. मी म्हटलं, वहिनींचं कामच हे, त्या उगाच कशाला सांगतील? थोडं सोसा, दवाखाना झाला की पुढचा कुणी वाटेत मरणार नाही."

ओंडके अंगणापासून गोठ्यापर्यंत रचलेले. त्यांना बुरशी धरली होती. मी विचारलं, विकले का नाहीत?

"विकायला कुठे तोडलंय?" त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "थोडे गेले, मजुरीपुरते. दादाचं झाड तेवढं ठेवलंय. पाहणीवाल्यांना दाखवायला, की जंगल इथवर होतं."

मी म्हटलं, "बघते." मे महिन्यापासून मी हे सगळं बघतच होते. केक कापला होता मी.

१३ ऑक्टोबर

साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. माणूस वाईट नाही, हे लिहायला हवं.

मी म्हटलं, त्या वस्तीलाही योजनेत घ्या. उरलेलं झाड, नवी लागवड, काहीही.

"गेल्या दहा वर्षांत तोडलेली जागा घेता येत नाही. हा नियम तुम्हीच मला शिकवलात. नाहीतर उद्या जो तो झाडं तोडून रांगेत उभा राहील."

"मग वर कळवू या, की तुलना खोटी आहे. त्यांनी आपल्यामुळे तोडलं. आपण नसतो तर तो डोंगर तसाच राहिला असता. यंदाचं सगळं विकलेलं खोटं आहे."

"कळवा. पलीकडचे पैसे त्याच दिवशी थांबतील. ठेकेदार अजून टपून बसलाय. दवाखान्याला कुलूप लागेल. एक जंगल गेलं, मॅडम. दुसरं घालवायचं का ते तुम्ही ठरवा. हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो."

येतो ना. जागेवर येऊन केला. उलटा केला, सुलटा केला. गप्प बसण्यातच जास्त झाडं वाचतात. कितीदाही करा, उत्तर बरोबरच येतं, याचाच संताप होतोय. गप्प बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते हे.

भाऊजींना फोन करायचं धाडस झालं नाही.

१९ ऑक्टोबर

शेवटी त्यांचाच आला.

"वहिनी, अजून कुणी नाही. वस्तीत बोलणं व्हायला लागलंय. मला वाटतं, ते एक झाड ठेवलंय ना, त्यानं घोळ होतोय. त्यांना वाटत असेल, यांनी अजून पुरतं तोडलेलं नाही. तेही पाडलं तर येतील का?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "आधी तिला विचार, मग तो कुठे राहील?"

मी ओरडले, "हात लावू नका त्याला! मी निघाले."

२० ऑक्टोबर

सांगितलं. बसमध्ये चार प्रकारे घोळवलं होतं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर सरळ सांगून टाकलं. कुणी येणार नाही. आता तर येऊच शकत नाही. तोडलेल्या जागेला पैसे मिळत नाहीत. त्या दिवशी मी बोलले ते, भाऊजी, असंच बोलले होते.

"असंच म्हणजे?"

"थट्टा."

त्यांच्या हातांना अजून राळ चिकटलेली होती, ती ते नखानं खरवडत राहिले. मला वाटलं, ओरडतील, घराबाहेर काढतील. तसं केलं असतं तर मी पाय धरले असते, मोकळी झाले असते. पण ते नेहमीसारखेच मऊ बोलले.

"दादा असता ना, तर तेव्हाच म्हणाला असता. ती गंमत करतेय रे, म्हणाला असता. आम्हाला कसं कळणार, वहिनी? आम्ही तुम्हाला त्याच्यामार्फतच ओळखत होतो."

दोन वर्षं मी रोज ठरवत आले, तो असता तर काय करत असता. नळ, रजा, चहा. हे एकदाही सुचलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला. आम्ही दिवा न लावता तसेच बसलो होतो. आणि ती आली. फोनमधून नाही, गोठ्यापासून नाही, दाराशीच. एक वरचा सूर, एक खालचा. काय करतेय हे कळायच्या आत मी उठले आणि दार उघडलं.

बाहेर बोडका डोंगर, पार खिंडीपर्यंत, आणि वर ते झाड.

सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "आला ना?" त्या म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं, येईल म्हणून? आता मध्ये काही नाही त्याला अडवायला."

मी म्हटलं, "नाही, आई. काहीच नाही."